आवारातला पिलबॉक्स: गिलावा नको, रंग नको, आधी छपरावरचं पाणी हटवा

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये रेडिंग शहराच्या पश्चिमेला केनेट नदीच्या पट्ट्यात एका मराठी कुटुंबानं घर घेतलं आहे. मागच्या जमिनीत कालव्याकडे तोंड करून दुसऱ्या महायुद्धातला एक सहा कोनी काँक्रीटचा पिलबॉक्स, म्हणजे भिंतीतल्या भोकांतून गोळीबार करायचा छोटा पक्का मोर्चा, उभा आहे; सरकारच्या वारसा यादीत 'ग्रेड टू' या श्रेणीत संरक्षित. छतातून पाणी गळतं, आत सळया उघड्या पडल्या आहेत, बाहेर आयव्ही वेलीचं रान माजलं आहे. बाई विचारतात: यजमानांना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, पांढरा रंग आणि भोकांना काचा लावून ऑफिस करायचं आहे, शेजारी म्हणतात, "असे ढिगाने आहेत, पाडून टाका." काय करावं?

शेजाऱ्यांच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण जुन्या काँक्रीटच्या दुरुस्तीत माझी सव्वीस वर्षं गेली आणि ते मी प्रत्येक गावात ऐकलं आहे. ढिगाने होते, १९४० मध्ये. ब्रिटनभर बांधलेल्या अशा पक्क्या मोर्च्यांचे अंदाज १८ हजारांपासून २८ हजारांपर्यंत जातात. आज उरले आहेत सुमारे साडेसहा हजार. त्यांतले संरक्षित यादीत गेलेले अगदी थोडे, आणि तुमचा त्या थोड्यांतला एक आहे. यादीतली वास्तू परवानगीशिवाय पाडणं किंवा तिचं वैशिष्ट्य बिघडेल असा बदल करणं हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो. त्यामुळे पाडण्याचा विषय इथेच संपतो.

नव्या मालकांना सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. आधीच्या मालकानं विनापरवाना काही केलं असेल, तर ते पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्यावर येऊ शकते आणि अशा कारवाईला कालमर्यादा नाही. म्हणून कशालाही हात लावण्याआधी आत-बाहेर, छतावर, प्रत्येक भिंतीचे आणि प्रत्येक भोकाचे तारीखवार फोटो काढून ठेवा. मग इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसा यादीत तुमच्या वास्तूची नोंद शोधा. ती इंटरनेटवर फुकट वाचता येते आणि नकाशावर दिसते. नोंद नीट वाचा: तुमच्या पिलबॉक्सला संरक्षण का दिलं, हे त्या मजकुरात असतं. शिवाय तो 'लिस्टेड बिल्डिंग' आहे की १९७९ च्या कायद्याखालचा 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट', याची खात्री करून घ्या. दुसऱ्या प्रकारात साध्या दुरुस्तीलासुद्धा सरकारची परवानगी लागते आणि तो अर्ज हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा संस्थेमार्फत जातो. ग्रेड टू असेल तर तुमचा व्यवहार स्थानिक कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याशी. पुढचं सगळं ग्रेड टू धरून लिहितो.

आता ही वस्तू आहे काय, ते पाहू. ते कळल्याशिवाय काय जपायचं हे कळत नाही, आणि माझ्या मते गिलाव्याचा विचारही मग मनातून आपोआप जातो.

१९४० च्या मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश आणि मित्रराष्ट्रांचे मिळून सुमारे तीन लाख अडतीस हजार सैनिक ब्रिटनमध्ये आले, पण तोफा, रणगाडे, गाड्या जवळजवळ सगळ्या फ्रान्समध्ये सोडून. जर्मन सैन्य इंग्लिश खाडीच्या पलीकडे उभं होतं. मायदेशाच्या संरक्षणाचे सेनापती जनरल आयर्नसाइड यांनी २५ जूनला आपली योजना युद्धमंत्रिमंडळापुढे ठेवली: किनाऱ्यावर एक कवच, आणि आत लंडन व मध्य इंग्लंडचे कारखाने वाचवण्यासाठी अडथळ्यांच्या रांगा. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे जीएचक्यू (लष्करी मुख्यालय) लाइन. ती ब्रिस्टलच्या बाजूनं निघून केनेट-एव्हन कालव्याच्या कडेनं रेडिंगकडे येते, लंडनच्या दक्षिणेनं वळसा घेते आणि पुढे उत्तरेकडे जाते. रणगाडे अडवायला खंदक खणत बसायला वेळ नव्हता. म्हणून नद्या, कालवे, रेल्वेचे भराव असं जे तयार होतं त्याचाच खंदक केला. तुमच्या मागचा कालवा मूळचा मालवाहतुकीसाठी होता, तो रातोरात तटाचा खंदक झाला.

त्या काठावर मोर्चे हवे होते, तेही आठवड्यांत. लष्कराच्या बांधकाम खात्यातल्या एफडब्ल्यू३ नावाच्या शाखेनं नकाशे काढले, त्यांना टाइप २२, २४, २८ असे क्रमांक मिळाले, आणि काम गावोगावच्या ठेकेदारांना दिलं. कालपर्यंत गोठे आणि घरं बांधणारी ही माणसं. नकाशा एकच, पण प्रत्येकानं मिळेल त्या साहित्यात बांधला. लाकूड नव्हतं तिथे विटांची भिंत रचून तिच्यातच काँक्रीट ओतलं, म्हणजे सेंट्रिंग काढायचं कामच नाही. कुठे पन्हाळी पत्रा लावला, कुठे जुन्या फळ्या. म्हणून तुमच्या भिंतीवर फळ्यांचे ठसे दिसत असतील, गाठींसकट आणि खिळ्यांसकट, तर तो खडबडीतपणा म्हणजे कामातली हयगय समजू नका. त्या उन्हाळ्यात तिथे कोणी, कशानं, किती घाईनं काम केलं, याची तेवढीच नोंद शिल्लक आहे. कुठे ओल्या काँक्रीटमध्ये बोटानं तारीख किंवा नाव लिहिलेलं सापडतं. दाराजवळ आणि छताच्या कडेला टॉर्च तिरपा धरून शोधा. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसणार नाही.

तुमचा प्रकार ओळखायला टेप पुरेशी आहे. सहाही बाजू सारख्या, साधारण १.८ मीटरच्या असतील तर तो टाइप २२. दाराची बाजू बरीच लांब, सव्वाचार मीटरच्या आसपास, आणि बाकीच्या दोन ते अडीच मीटरच्या असतील तर टाइप २४. त्यात दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान भोक असतं. मग भोकातून भिंतीची जाडी मोजा. ३० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर भिंत फक्त बंदुकीच्या गोळीसाठी, मीटरभर असेल तर तोफगोळ्यासाठी. कौन्सिलला पत्र लिहिताना हे तीन आकडे दिलेत की समोरचा अधिकारी तुम्हाला गांभीर्यानं घेतो, हा माझा अनुभव आहे.

मी त्यांना भोकं म्हणतोय, पण आपल्याकडे या गोष्टीला नेमका शब्द आहे: जंग्या. राजगडाच्या संजीवनी माचीवर तटातल्या जंगीतून वाकून खाली पाहिलं असेल, तर तुमच्या पिलबॉक्समध्ये तेच करा. गुडघ्यावर बसा, डोळा जंगीच्या उंचीला आणा आणि बाहेर पाहा. या कालव्यावरचे बहुतेक मोर्चे उत्तर काठाला आहेत आणि दक्षिणेकडे पाहतात, कारण शत्रू दक्षिण किनाऱ्यावरून येईल असं धरलं होतं. प्रत्येक जंगीला ठरावीक कोन आहे, आणि शेजारच्या मोर्च्याचा मारा जिथे संपतो तिथे तुमचा सुरू होतो. ती मोकळी नजर हा वास्तूचाच भाग आहे. उंच कुंपणाची झाडं लावून तो देखावा बुजवलात तर कायदा बहुधा तुम्हाला अडवणार नाही. कळकळीची विनंती आहे, तरीही लावू नका. समोरचं पाणी दिसत नसेल तर मागे उरतो तो बिनखिडकीचा ठोकळा.

त्या नजरेसमोर उघड्यावर येणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला वेगळा दाखला शोधावा लागत नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव नदीच्या बांधांमधल्या माऱ्यात सापडले. आधी दोन जखमी सोबत्यांना त्यांनी पाण्यातून आणि सुरुंगांमधून सुरक्षित जागी नेलं. मग परत येऊन मशिनगनचे तीन मोर्चे एकट्यानं बंद पाडले आणि बांधावर उभं राहून बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथले मोर्चे मातीच्या बांधात खोदलेले होते, काँक्रीटचे नव्हते. पण नदी, बांध आणि मशिनगन हे गणित तुमच्या कालव्यावर मांडलं होतं तेच. केनेटवर लढाई झाली नाही. ती झाली असती तर कशी झाली असती, हे मला सेनिओवरून कळतं, आणि म्हणून जंगीसमोरची जागा मोकळी ठेवा असं मी इतक्या आग्रहानं सांगतो.

आता गिलावा. तो का नको, हे दोन कारणांनी.

पहिलं कारण रसायनाचं. ताजं काँक्रीट भरपूर अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या पुढे. त्यात सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हा अल्कधर्म मारत जातो. पीएच नऊच्या आसपास उतरला की सळईचं संरक्षण संपतं. त्यानंतर पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, आतून दाब देतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. तुमच्या छताच्या खालच्या बाजूला सळया दिसताहेत त्या यामुळे. १९४० चं काँक्रीट हातानं किंवा छोट्या मिक्सरवर कालवलेलं, नीट न ठोकलेलं, जागोजागी पोकळ्या असलेलं. ऐंशीहून अधिक वर्षांत ही प्रक्रिया त्यात खोलवर गेलेली असते. ती किती खोल गेली हे फिनॉल्फ्थॅलिनच्या चाचणीनं कळतं: ताज्या तुटलेल्या कडेवर फवारलं की जिवंत भाग गुलाबी होतो, मेलेला रंगहीन राहतो. यासाठी नवा तुकडा फोडू नका, आधीच सुटलेल्या जागी अनुभवी माणसाकडून करून घ्या.

या सगळ्यात तुमच्या हातात असलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. हवा थांबवता येत नाही. पाणी कमी केलं तर गंजण्याचा वेग खूप उतरतो. घट्ट सिमेंटचा गिलावा आणि वर रंग लावला की नेमकं उलटं होतं. छतातून, जमिनीतून, फटींतून पाणी आत येतच राहतं, पण भिंतीतून वाळून जायची वाट बंद होते. भिंत आत ओली राहते, हिवाळ्यात ते पाणी गोठून फुगतं, आणि गिलावा निघतो तो जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग सोबत घेऊन.

दुसरं कारण माझ्या आयुष्यातलं. या देशात येऊन मला फार वर्षं झाली नव्हती. पूर्व किनाऱ्यावरच्या एका पिलबॉक्सवर आम्ही सुटलेला भाग छिनून काढला, सळया घासल्या आणि तेव्हाचा उत्तम समजला जाणारा कडक दुरुस्ती-मॉर्टर भरला. काम देखणं दिसत होतं. तीन हिवाळे गेले आणि प्रत्येक ठिगळाच्या भोवती नवा तडा गेला. किनाऱ्यावर त्या घाईत समुद्राची न धुतलेली वाळू-खडी वापरली गेली होती, काँक्रीटमध्ये मुळातच मीठ होतं. ठिगळाखालची सळई सुरक्षित झाली आणि गंज शेजारच्या सळईवर सरकला. एवढ्यावर भागलं नाही. जुने फोटो चाळताना दिसलं की एका ठिगळाच्या जागी ओल्या काँक्रीटमध्ये कोरलेली अक्षरं होती. काय लिहिलं होतं ते फोटोत वाचता येत नाही, आणि आता कधीच वाचता येणार नाही. छिन्नी मारणाऱ्यांवर देखरेख माझी होती. तेव्हापासून मी पहिल्या दिवशी हत्यार घेऊन साइटवर जात नाही, फक्त कॅमेरा आणि टॉर्च नेतो.

तुमची जागा समुद्रापासून लांब आहे, त्यामुळे मिठाचा त्रास बहुधा नसेल. तरीही छताच्या उघड्या सळयांना ठिगळ लावायची घाई करू नका. छत खाली येण्याची भीती आहे का, एवढंच आधी संवर्धनाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहून घ्या. नवीन इमारतींवर काम करणारा इंजिनिअर बरेचदा बघताक्षणी "तोडा आणि परत भरा" सांगतो, म्हणून अनुभव विचारून घ्या. आतली जी वाय किंवा टी आकाराची भिंत वाटेत येते असं वाटतं, ती जंगीतून आत आलेली गोळी उडून सगळ्यांना लागू नये म्हणून आहे, आणि तीच छताला मधोमध आधार देते. ती काढायचा विचारही नको. सुटलेले पापुद्रे डोक्यावर पडतील असे असतील तर तेवढेच हातानं काढा, खोक्यात घालून जागेची चिठ्ठी लावून ठेवा. दुरुस्तीचं मिश्रण जुळवताना त्यातली मूळ खडी आणि वाळू बघायला मिळते. पुढे भरायची वेळ आलीच तर मूळच्यापेक्षा कडक नसलेलं, तीच खडी-वाळू जुळवलेलं मिश्रण, आणि आधी नमुने करून संवर्धन अधिकाऱ्याला दाखवून. तुमच्या पिलबॉक्सला बाहेरून विटांचं अस्तर असेल तर त्यांच्या सांध्यात चुन्याचं मॉर्टर भरा, सिमेंट नको.

छतावर चढायच्या आधी आयव्हीबद्दल. ती ओढून काढू नका, मुळं काँक्रीटच्या पोकळ्यांत रुतलेली असतात आणि ओढली की पृष्ठभाग घेऊन येतात. बुंध्याशी कापा, वरचा भाग वाळू द्या, पुढच्या वर्षी तो हलक्या हातानं सुटतो. छताच्या फटीत झाड रुजलं असेल तर तेही कापा, उपटू नका. छतावर माती आणि गवताचा थर सापडला तर थांबा. कित्येक पिलबॉक्सवर तो लपवणुकीसाठी मुद्दाम घातलेला होता. त्या काळी काहींना गवताच्या गंजीचं, झोपडीचं, बस थांब्याचं सोंग दिलं होतं, आणि अशा सोंगाचे अवशेष फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. तो थर ऐंशी वर्षांच्या पानांचा कुजका ढीग असेल तर निघू शकतो, मूळचा असेल तर नाही. फोटो काढून अधिकाऱ्याला विचारा. त्याखाली पाणी साचायचा खड्डा आणि तडा दिसेल. गळतीचा मूळ उपाय तिथे आहे: पाणी साचू न देता कडेला उतरेल असं करणं आणि भिंतीच्या पायथ्याशी चढलेली माती खाली आणणं. पायथ्याशी खणण्याआधीही विचारा, कारण खंदकाच्या खुणा तिथे असू शकतात.

वटवाघळं. याकडे दुर्लक्ष करून लोक खरे अडचणीत येतात. थंड, दमट आणि तापमान फारसं न बदलणारा पिलबॉक्स हिवाळी झोपेसाठी त्यांना उत्तम वाटतो. इथे प्रत्येक जातीचं वटवाघूळ आणि त्याचं ठिकाण कायद्यानं संरक्षित आहे, वटवाघळं त्या दिवशी आत नसली तरी. म्हणून कामाआधी तज्ज्ञाकडून पाहणी करून घ्या, आणि नोव्हेंबर ते मार्च आत उगाच वावर नको. मुलं आत शिरून पडतील या भीतीनं दार बंद करायचं असेल तर भक्कम पत्र्याचं दार बसवू नका. आडव्या सळयांचं, मधे साधारण १३ सेंटिमीटर फट ठेवलेलं जाळीचं दार बसवा. वारा खेळतो, वटवाघूळ जातं, मूल जात नाही. मूळ काँक्रीटला कमीत कमी भोकं पडतील अशी चौकट करा. या दारालाही परवानगी लागेल.

परवानगीला लोक उगाच घाबरतात. लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटच्या अर्जाला फी नाही, आणि निर्णय साधारण आठ आठवड्यांत अपेक्षित असतो. जसं होतं तसंच, त्याच साहित्यात केलेल्या छोट्या दुरुस्तीला बरेचदा अर्ज लागत नाही, पण ते कौन्सिलकडून लेखी घ्या, फोनवरचं तोंडी नको. मात्र यादीत नाव आहे म्हणून कुणी पैसे देईल असं समजू नका. खर्च तुमचा आहे.

राहिला ऑफिसचा विचार. यजमानांना सांगा, मला त्यांचा उत्साह आवडला. जागेवर प्रेम बसल्याशिवाय कुणाला तिथे बसून काम करावंसं वाटत नाही. पण जंग्या काचेनं बंद केल्या की वारा थांबतो. माणसाच्या श्वासाचं आणि हीटरचं बाष्प थंड काँक्रीटवर जमतं, आणि दोन हिवाळ्यांत भिंती काळ्या पडतात. ते टाळायचं तर अस्तर, इन्सुलेशन, वीज, फरशी, म्हणजे मूळची खोली झाकायची. त्याला परवानगी मिळेल असं मला वाटत नाही, आणि मिळाली तरी तुम्ही मागू नये असं माझं मत आहे. फावडी, कुंड्या, सायकली ठेवायला वापरा, भिंतीला न टेकवता आणि भिंतीत खिळा न मारता. वर्षातून एक-दोन दिवस गावकऱ्यांना आणि शाळेच्या मुलांना बघायला उघडलात तर फारच छान. तुमच्या पिलबॉक्सची आणखी माहिती हवी असेल तर काउंटीच्या ऐतिहासिक नोंदवहीत पाहा. १९९५ ते २००२ या काळात स्वयंसेवकांनी ब्रिटनभर फिरून असे जवळजवळ वीस हजार लष्करी अवशेष नोंदवले, ती सगळी नोंद आज इंटरनेटवर खुली आहे. युद्धानंतर लगेच काढलेले हवाई फोटोही मिळवता येतात. त्यांत तुमच्या शेतातल्या चराच्या रेषा दिसल्या तर कुठे खणू नये हे आपोआप ठरेल.

आता लगेच करायचं ते असं. पुढच्या मोठ्या पावसात रेनकोट घालून आत जा, अर्धा तास थांबा आणि पाणी नेमकं कुठून येतं ते बघा: छताच्या मधून, कडेच्या सांध्यातून, जंगीतून की दाराच्या उंबऱ्यावरून. भिंतीवर खडूनं खूण करू नका, मोबाइलवर फोटो काढून त्यावर करा. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी परत जाऊन कोणती जागा अजून ओली आहे ते त्याच फोटोंशी ताडून पाहा. ते फोटो, भिंतीच्या मापांचे तीन आकडे आणि यादीतल्या नोंदीची प्रत एवढं एका फायलीत घालून आधी संवर्धन अधिकाऱ्याला पाठवा, आणि त्यांचं उत्तर आल्यावरच ठेकेदाराला आवारात बोलवा.